विश्लेषण : नाव हंगेरीचं, पत्ता अमेरिकेचा! ५० वर्षांचं तकाच क्वार्टेट आजही ‘हंगेरियन’ आहे का?

१९७५ साली बुडापेस्टच्या लिस्ट संगीत अकादमीतल्या चार विद्यार्थ्यांनी एक क्वार्टेट सुरू केलं. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. पहिलं व्हायोलिन गाबोर तकाच-नॉद्य यांचं, म्हणून नाव पडलं तकाच क्वार्टेट. २०२५ मध्ये त्याला ५० वर्षं झाली, तेव्हा मूळ चौघांपैकी एकटे चेलोवादक आंद्राश फेयेर उरले होते. ज्यांचं नाव लावलं जातं, ते तर १९९३ मध्येच बाहेर पडले.

मग यात हंगेरियन काय राहिलं?

आधी हे लोक देश का सोडतात ते पाहू. चेंबर संगीत छोट्या सभागृहासाठीचं. तिकिटं कमी, मानधनाचे चार वाटे आणि वर्षातले कित्येक महिने प्रवासात. नुसत्या मैफिलींवर घर चालवणं अवघडच. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी यावर तोडगा काढला. क्वार्टेटला नोकरीवर घ्यायचं, त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवायचं, बदल्यात पगार आणि सरावाला जागा. १९८० च्या दशकात तकाच मंडळी याच वाटेने कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डरला गेली आणि तिथलीच झाली.

ती काही पहिली नव्हती. १९३५ मध्ये सुरू झालेलं हंगेरियन क्वार्टेट १९५० मध्ये अमेरिकेला गेलं होतं. बुडापेस्ट क्वार्टेटची गोष्ट तर आणखी भारी. १९१७ मध्ये बुडापेस्टच्या ऑपेरातल्या वादकांनी ते सुरू केलं, पण १९३६ पर्यंत त्यात एकही हंगेरियन उरला नाही. चौघेही रशियन साम्राज्यात जन्मलेले! तरी १९६७ पर्यंत नाव बुडापेस्टच. संगीतवाल्यांत तेव्हा विनोद चालायचा : दोन रशियन भेटले की बुद्धिबळ, चार भेटले की बुडापेस्ट क्वार्टेट.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. किराणा घराण्याचं कैराना गाव उत्तर प्रदेशात आहे, पण ते घराणं बहरलं मिरज, पुणे, धारवाडकडे.

खरा प्रश्न बार्टोकचा आहे. बेला बार्टोक यांनी १९०८ ते १९३९ दरम्यान सहा क्वार्टेट लिहिली. त्यांत हंगेरियन बोलीचा ठेका आहे, शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर जोर. कागदावरच्या खुणांतून तो पूर्ण कळत नाही, सोबत बसूनच शिकावा लागतो. तकाच मंडळींना तो शिकवणाऱ्यांत एक होते झोल्तान सेकेय, हंगेरियन क्वार्टेटचे व्हायोलिनवादक. बार्टोकने आपला दुसरा व्हायोलिन कंचेर्टो त्यांच्यासाठी लिहिला होता. हे शिक्षण कुठे झालं? कॅनडातल्या बँफमध्ये!

१९९३ मध्ये तकाच-नॉद्य यांच्या जागी एडवर्ड डसिनबेर आला. इंग्रज, ज्युलियार्डमधून नुकताच बाहेर पडलेला. तीन हंगेरियन लोकांमध्ये बसून त्याने बार्टोक वाजवला. पुढे एकेक जागा रिकामी होत गेली. व्हिओलावादक गाबोर ऑर्मई १९९५ मध्ये वारले, दुसरे व्हायोलिनवादक कारोय श्रान्त्स २०१८ मध्ये निवृत्त झाले. दरम्यान २००३ मध्ये बीथोवेनच्या रेकॉर्डिंगला ग्रॅमीही मिळालं, तेव्हाच चौघांत दोन इंग्रज होते.

माझ्या मते पासपोर्ट मोजून हे ठरत नाही. बोल्डरच्या वर्गात फेयेर यांच्याकडून कोण काय शिकून गेलं, हे बघायला हवं. त्या विद्यार्थ्यांतला कुणी बुडापेस्टचा असेलच असं नाही.