थकलेला बैल आळशी नव्हे

नांगराचा बैल तासात थबकला, की आसूड उगारला जातो. ही रीत क्रूर तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. सततच्या ओढीने स्नायुपेशींत फॉस्फेट साचते. मग आकुंचन घडविणारे कॅल्शियम पुरेसे सुटत नाही व तंतूंचा जोर ओसरतो. (सारा दोष लॅक्टिक आम्लाचा, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे.) आसुडाने हे फॉस्फेट हटत नाही, काही मिनिटांच्या विसाव्याने हटते. पेशीतील शर्करेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, सरल्यास मात्र वैरण व पुष्कळ अवकाश लागतो. पारा ३७ अंशांवर असता दुपारी बारा ते तीन गाडीस बैल जुंपू नयेत, असा केंद्रीय नियम १९६५ पासून आहे. नांगराच्या बैलास शेतकऱ्याने आपण होऊन तेवढी सवलत देऊ नये काय?