अंगणवाडी ते कॉलेज : जिल्ह्यानेच जुळवायचे सांधे

मूल तीन वर्षांचे असताना महिला व बालविकास खात्याचे असते, सहाव्या वर्षी शालेय शिक्षण खात्याचे होते. बारावीनंतर कॉलेज धरले तर उच्च व तंत्रशिक्षण, आयटीआय धरली तर कौशल्य विकास. ही वाटणी मंत्रालयातली आहे आणि ती लवकर बदलेल असे वाटत नाही. सातारा-सांगलीने त्यासाठी थांबायचे मात्र कारण नाही.

१. धोरण उलट्या बाजूने आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. महाराष्ट्रात ते आधी कॉलेजांत पोचले : २०२३-२४ मध्ये स्वायत्त, पुढच्या वर्षी संलग्न. पहिलीच्या वर्गाची पाळी जून २०२५ मध्ये आली, तर पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या आदेशांवरच्या वादाने सगळी चर्चा खाल्ली. २९ जूनला ते आदेश मागे घेतले गेले, पायाभूत टप्पा बाजूलाच राहिला. वरच्या शिक्षणाला आधी मान, ही तक्रार जुनीच आहे. जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते : शेतसारा भरणार कुणबी, आणि त्यावर पोसले जाणार वरचे शिक्षण.

२. अंगणवाडी आणि पहिली. सर्वांत मोठी फट इथे आहे, आणि बुजवायला सर्वांत सोपीही हीच. सेविका मुलाचे वजन-उंची पोषण ट्रॅकरवर भरते. शाळा त्याच मुलाची नोंद यू-डायसवर नव्याने करते. कॉलेजात गेल्यावर विद्यापीठ तिसरा नंबर देते. सेविकेला मूल तीन वर्षे ठाऊक असते : कोण बोलत नाही, कोणाला नीट ऐकू येत नाही, कोणाचे आईबाप ऊसतोडीला जातात. हे पहिलीच्या बाईंना कोणी सांगत नाही. वास्तविक बालविकासाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी आणि प्राथमिकचे शिक्षणाधिकारी एकाच जिल्हा परिषदेत, एकाच सीईओंच्या हाताखाली असतात. जूनमध्ये सेविकेने शाळेत बसून प्रत्येक मुलाची माहिती द्यावी आणि दोघींचे प्रशिक्षण ‘डाएट’मध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, एकत्र व्हावे, एवढ्यासाठी मुंबईचा जीआर कशाला हवा?

मंत्रालयाची वाट न पाहण्याचे धाडस सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाने, एकदा केले आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या काळात तिथे एखादी शाळा नव्हे, अख्खे बीट ज्ञानरचनावादाने शिकवू लागले. ते बघायला राज्यभरातून शिक्षक येत. २०१५ मध्ये सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला तो त्यानंतर. म्हणजे जिल्ह्याने आधी केले, मंत्रालय मागून आले.

३. चौथी-पाचवी. जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत, तर संस्थांची हायस्कुले पाचवीपासून. शिक्षण हक्क कायदा पाचवी आणि आठवीवर रेघ मारतो. परिणाम असा की उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षक पट टिकवण्यासाठी घरोघर फिरतात. तालुकावार नकाशा काढून कोणत्या गावात पाचवी कोणाकडे, हे एकदाचे ठरवावे.

४. जत. सांगली जिल्ह्यातल्या या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या मुलाची अंगणवाडी कोणत्या भाषेत, हायस्कूल कुठे, अकरावी कोणत्या माध्यमात, हे एका कागदावर लिहून बघावे. भरतीच्या वेळी मराठी माध्यमाचे शिक्षक कन्नड शाळांवर नेमले जातात, कारण तसा कागद कोणाच्या टेबलावरच नसतो.

५. समन्वय म्हणजे एकच फॉर्म नव्हे. २०२५ मध्ये अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाला. ज्या गावात एकच ज्युनिअर कॉलेज, तेही त्याच हायस्कूलच्या आवारात, तिथल्या मुलीलाही वरच्या मजल्यावर जायला पोर्टलवर नोंदणी करावी लागली. असला समन्वय नको.

६. रयत शिक्षण संस्थेचा क्रम पाहा. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे संस्था काढली. साताऱ्यात १९२४ मध्ये वसतिगृह, १९३५ मध्ये शिक्षक घडवणारे अध्यापक विद्यालय, १९४० मध्ये हायस्कूल, आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. गावोगावच्या शाळांना शिक्षक लागणार, म्हणून अध्यापक विद्यालय कॉलेजच्या बारा वर्षे आधी! आज साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. त्याने आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या मुलांना गणितात काय येत नाही, याची यादी दरवर्षी हायस्कुलांकडे धाडावी. नुसती नावे ठेवून भागत नाही.

७. जबाबदार कोण? नवे महामंडळ नको. सीईओंच्या अध्यक्षतेखाली बालविकास, प्राथमिक, माध्यमिक, डाएट, आयटीआय आणि कोल्हापूरचे उच्च शिक्षण सहसंचालक यांची तिमाही बैठक पुरे. पण तिला लोकांचा धाक हवा. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांच्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात शिक्षण समितीच नव्हती, तर विचारणार कोण होते? बैठकीचे इतिवृत्त ग्रामसभेत वाचले जावे, आणि गावातली किती मुले पहिलीत आली, दहावी झाली, पुढे कुठे गेली, एवढे तीन आकडे दरवर्षी शाळेच्या फलकावर लागावेत.