सुईचे नेढे आणि उंट

लखनौच्या चिकनकारीची सारी किमया सुईची. तलम कापडावर पांढऱ्या धाग्याची नक्षी काढायची, तर आधी बारीक नेढ्यात दोरा ओवावा लागतो. दोऱ्याचे टोक ओले करून, डोळे बारीक करून! त्या नेढ्यातून उंट न्यायचा म्हटले तर?

येशू ख्रिस्तांनी नेमका हाच दाखला दिला. धनवंताने देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे, असे ते म्हणाले. मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत हे वचन आहे. लखनौच्या मुसलमान वस्तीलाही हा दाखला परका नाही. उंट सुईच्या नेढ्यातून जाईपर्यंत उन्मत्तांना स्वर्ग मिळणार नाही, असे कुराणाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे.

लखनौशेजारच्या कानपूरला हेन्री मार्टिन या इंग्रज धर्मोपदेशकाने १८१० साली नव्या कराराचे मूळ ग्रीकवरून उर्दू भाषांतर पुरे केले. त्याचे हस्तलिखित शेख सालेह यांच्याकडे बांधणीला आले. पाने लावता लावता त्यांनी ते वाचले, आणि पुढे ते अब्दुल मसीह या नावाने ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले. १८२७ मध्ये लखनौलाच त्यांचे निधन झाले.

आता मूळ ग्रीक शब्द पाहू. उंटाला ग्रीकमध्ये ‘कामेलोस’ म्हणतात. ‘कामिलोस’ म्हणजे जहाजाचा जाड दोर. फरक एका स्वराचा, आणि पुढच्या काळात दोहोंचा उच्चारही सारखाच झाला. मग मूळ शब्द दोरच असावा, नकलून घेणाऱ्याने चुकून उंट केला, असा तर्क निघाला. पाचव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या सिरिल यांनीही दोर हाच अर्थ सांगितला होता. पण सर्वांत जुन्या, विश्वसनीय हस्तलिखितांत उंटच आहे. नकलकार अवघड वाक्य सोपे करतो, सोपे वाक्य सहसा अवघड करत नाही, हेही अभ्यासक ध्यानात घेतात. गंमत म्हणजे कुराणातल्या अरबी शब्दाबाबतही अशीच चर्चा झाली. ‘जमल’ म्हणजे उंट, तर ‘जुम्मल’ म्हणजे जाड दोर!

दुसरी कथा जेरुसलेमच्या दरवाजाची. तिथे ‘सुईचे नेढे’ नावाचे छोटे दार होते. ओझे उतरवून, गुडघे टेकून उंट त्यातून जाई, असे प्रवचनांत सांगतात. आपल्या राजगडावर खडकाला आरपार पडलेल्या भोकाला नेढेच म्हणतात आणि त्यात माणसे खुशाल जाऊन बसतात, तेव्हा ही कथा आपल्याला चटकन पटेल. पण ख्रिस्तांच्या काळी असे दार होते याचा पुरावा नाही. शिवाय मत्तय आणि मार्क सुईला ‘राफिस’ म्हणतात, लूक ‘बेलोने’ म्हणतो. भोकासाठीही तिघांचे शब्द निरनिराळे आहेत. ते एखाद्या दाराचे नाव असते, तर तिघांनी ते सारखेच लिहिले नसते का? तिघांच्या मनात शिवणाची साधी सुईच आहे.

उंटाचा दोर करा, नाहीतर सुईचे दार करा, सोय होते ती पैसेवाल्याची. ‘सर्व विकून गरिबांना दे’ हे ऐकून एक श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा हे वचन उच्चारले गेले. ते ऐकून शिष्यही हादरले. मग तरणार तरी कोण, असे त्यांनी विचारले. माणसांना जे अशक्य ते देवाला शक्य आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. बोलणे अशक्य गोष्टीचेच होते. ते सोपे केले, तर त्या उत्तराला अर्थच उरत नाही.

मूळ शब्दापर्यंत जाण्याचे कष्ट मराठीत पंडिता रमाबाईंनी घेतले. केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा व्याप सांभाळून, चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्यासुध्या बायाबापड्यांना समजेल असे मराठी बायबल त्यांना हवे होते. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये त्यांचे संपूर्ण बायबल छापून निघाले. भाषा सोपी करावी, अर्थ मात्र सोयीचा करू नये, हे अशा अभ्यासातूनच कळते.