कमरेला विचारून पाटे वाढवा

कळंब-वालचंदनगरकडे पिकअप घेतली की अनेकांची पहिली फेरी पाटेवाल्याकडे होते. मागे एक-दोन जादा पाटे टाकले की गाडी उंच दिसते, ऊस-डाळिंबाच्या ओझ्याने बसत नाही. पण जादा पाट्याने स्प्रिंग कडक होते आणि माल उतरवून रिकामी परतताना प्रत्येक खड्डा थेट कमरेत बसतो. बसलेल्या माणसाला सेकंदाला 4 ते 8 वेळा होणारी उभी कंपने सर्वाधिक बाधतात. वर्षानुवर्षे असे हादरे खाणाऱ्या चालकांत कंबरदुखी जास्त आढळते, ती उगाच नाही.

मुळात उंची कशाला हवी? ‘शेतरस्त्याला गाडी खाली घासते,’ हे ठरलेले उत्तर. घासतो तो बहुधा मागच्या अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा. पाटे कितीही वाढवा, तो जमिनीपासून होता तेवढाच राहतो. मोठ्या टायरनेच वर येतो. आणि पाटे वाढले म्हणून ब्रेक काही वाढत नाहीत!

उंची हवीच असेल तर मागे पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये इंचभराचा ठोकळा बरा. स्प्रिंगचा मऊपणा टिकतो. यू-बोल्ट आणि शॉकअप मात्र त्या मापाचे हवेत. पुढच्या अ‍ॅक्सलला ठोकळा कधीच नको. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचना बदलू देत नाही, तेव्हा आधी आरटीओत विचारावे.

माझे ऐकाल तर त्याही आधी गळके शॉकअप बदला, आणि रिकाम्या गाडीत भरल्या गाडीइतकी हवा ठेवू नका.