शब्द कोण देणार?

ब्रिटिश धर्मशास्त्री मायकेल नॉर्थकॉट यांनी 'अ मॉरल क्लायमेट' (२००७) या ग्रंथात तापमानवाढ हा न्यायाचा प्रश्न मानला आहे. ज्यांनी सर्वांत कमी इंधन जाळले, त्यांनाच झळ आधी बसते, असे ते म्हणतात. यावर आक्षेप ठरलेला: हवामान शास्त्रज्ञांनी पाहावे, धर्मशास्त्र्याने आपली पोथी.

आक्षेपकांनी १७८१चे तंजावूर आठवावे. हैदरअलीच्या स्वारीने मुलूख उजाड झालेला, किल्ल्यात उपासमार. भात खेड्यांत होते, पण ते आणायला बैल मिळेनात. कारण पूर्वीच्या मालाचे पैसेच रयतेला मिळाले नव्हते. तुळजाजी राजांची पत संपली होती, ईस्ट इंडिया कंपनीचीही. शेवटी श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याने स्वतः हमी घेतली. बैल आले, भात आले, पैसेही चुकते झाले. श्वार्ट्झ काही तटस्थ साधू नव्हे. धर्मप्रसारासाठीच आलेला, कंपनीच्या जवळचा. त्याच्या हाताखाली शिकलेले सरफोजी राजे हिंदूच राहिले. तरीही त्यांनी इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनकडून घडवून घेतलेले त्याचे संगमरवरी स्मारक शिवगंगा तलावालगतच्या चर्चमध्ये आहे.

तेव्हा उणीव धान्याची नव्हती, भरवशाच्या शब्दाची होती. आजही तेच. मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सुटले नाही तर कुरुवै या भातपिकाचे काय होते, हे कावेरीकाठच्या कुळाला कोणी शिकवायला नको. (कर्नाटकाशी तंटा आहेच, पण पाऊसच लहरी झाला की तो आणखी पेटतो.) मोजमापे भरपूर आहेत. नुकसान कोणी सोसायचे, हे मात्र कोणताही तापमापक सांगत नाही. २०२२मध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत नुकसानभरपाईचा निधी मान्य झाला. पुढच्या वर्षी दुबईत आश्वासने मिळाली सुमारे ७० कोटी डॉलरची. जगभरच्या नुकसानीपुढे ही चिल्लरच.

दुसरा पक्ष स्वकीयांचा. इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७मध्ये निसर्गनाशाचा दोष पाश्चात्त्य ख्रिस्ती विचाराला दिला, म्हणून आम्ही नदीपूजक निर्दोष! आडी या तमिळ महिन्यात कावेरीची ओटी भरणारे हात कोरड्या वर्षीही खंड मागतातच ना? या प्रदेशात देवळांच्या मालकीची शेती मोठी आहे. एकट्या तंजावूर राजवाडा देवस्थानाकडे ८८ मंदिरे आहेत. नॉर्थकॉट यांचे म्हणणे पटत असेल, तर जमीन राखून असलेल्या प्रत्येक देवळाने, मठाने आणि चर्चने एक ठराव करावा: पाणी न आलेल्या वर्षी कुळाचा खंड माफ. तोही हंगामाआधी, लेखी.