एफएसएचा रकाना रिकामा सोडू नका



इथे अमेरिकेत दिवाळीचा फराळ आणि कंपनीचं ओपन एनरोलमेंट साधारण एकाच सुमारास येतं. चकलीच्या भाजणीला आपण दोन दिवस देतो, पण विम्याच्या पानावर 'गेल्या वर्षीचंच' म्हणून मोकळे होतो. विमा तसा पुढे चालू राहतो. एफएसएची रक्कम मात्र बहुतेक ठिकाणी दरवर्षी नव्याने भरावी लागते. मुलगी डेकेअरला असताना आम्ही तो रकाना दोन वर्षं शून्य ठेवला. त्याची हळहळ अजून जात नाही, म्हणून हे आवाहन.

एफएसए म्हणजे फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट. आरोग्याचं आणि डेकेअरचं, अशा दोन खात्यांत पगारातले पैसे कर कापण्याआधीच बाजूला पडतात. 2026 साठी आरोग्याच्या खात्याची मर्यादा 3,400 डॉलर आहे. डेकेअरच्या खात्याची कुटुंबामागे 7,500 झाली आहे, 2025 मध्ये ती 5,000 होती. तुमच्या कंपनीने ती वाढवली का, हे एचआरला विचारा. 22 टक्क्यांच्या टप्प्यातल्या घराचे, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर धरून, 7,500 वर सुमारे 2,200 डॉलर वाचतात.

डेकेअरचं खातं 13 वर्षांखालच्या मुलांसाठी आहे, आणि नवरा-बायको दोघंही कमावते, नोकरी शोधणारे किंवा पूर्णवेळ शिकणारे हवेत. एच-4 वर घरी असलेल्या आपल्या कितीतरी मैत्रिणींच्या घरी ते म्हणूनच बसत नाही. आधी हे तपासा. उन्हाळ्यातला दिवसाचा कँप चालतो, मुक्कामाचा नाही.

आरोग्याच्या खात्यातून चष्मा, दात, तापाच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड, सगळं चालतं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांची औषधं मात्र सहसा यात येत नाहीत. पुण्याला जाऊन रूट कॅनाल केलंत तरी चालतं, फक्त पावतीवर रुग्णाचं नाव, तारीख, उपचार आणि रक्कम हवी. नुसती 'रु. 8,000 मिळाले' अशी चिठ्ठी परत येते. डॉक्टरांकडून तिथेच नीट लिहून घ्या.

उरलेले पैसे बुडतात, हे खरं. काही कंपन्या आरोग्याच्या खात्यातले 2026 मधले 680 डॉलरपर्यंत पुढच्या वर्षात नेऊ देतात, काही अडीच महिन्यांची सवलत देतात, काही यातलं काहीच नाही. तेव्हा अंदाजाने आकडा टाकू नका. गेल्या वर्षाच्या पावत्या काढून बेरीज करा.

रविवारी मराठी शाळा भरते तेव्हा मी मागच्या खोलीत बसलेली असते. पे-स्टब आणि पावत्या घेऊन या, नवरा-बायको दोघंही या. आपण मिळून आकडा काढू.