प्रयोगशाळेचं कपाट उघडा

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ असलेलं एक यंत्र वर्षानुवर्षे धूळ खात पडलं होतं. ते वापरणारे कधीच निवृत्त झाले होते. २०१० च्या फेब्रुवारीत जुन्या सामानाबरोबर त्याचाही लिलाव झाला आणि मायापुरीच्या भंगार बाजारात ते कापलं गेलं. एप्रिलपर्यंत तिथली माणसं आजारी पडली, एक कामगार दगावला. तोवर या माणसांना आपण काय हाताळतोय याची कल्पनाही नव्हती. आत काय आहे, एवढं विचारून मग निर्लेखन झालं असतं तर तो माणूस वाचला असता.

असलं यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या पदवी कॉलेजात असण्याचं कारण नाही. पण विसरलेलं कपाट मात्र जवळपास प्रत्येक जुन्या प्रयोगशाळेत असतं. वरच्या फळीवर लेबल उडालेल्या तपकिरी बाटल्या असतात, झाकणाभोवती पांढरे स्फटिक जमलेले असतात आणि कोपऱ्यात एखादं वाकलेलं लोखंडी सिलिंडर असतं. स्टॉक रजिस्टरमध्ये त्यातल्या निम्म्या वस्तू सापडत नाहीत. हे लिहिताना कुठल्या एका कॉलेजकडे बोट दाखवायचं नाही. हिंगोलीचं आदर्श, वसमतचं बहिर्जी स्मारक, सेनगावचं तोष्णीवाल, औंढ्याचं नागनाथ अशा कॉलेजांत आपलीच मुलं शिकतात, आपलेच भाऊबंद शिकवतात. त्या सगळ्यांना आणि मुलांना तिथे पाठवणाऱ्या आईबापांना एकच सांगायचं आहे: कपाट उघडा, यादी करा आणि त्या यादीची जबाबदारी कुणाची ते नावानिशी ठरवा. बाकीचे नियम त्यानंतरचे.

अपघात मोठ्या संस्थांतच होतात, आपल्याकडे कुठे एवढी रसायनं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मोठ्या संस्थांकडे निदान अग्निशमन दल असतं, डॉक्टर असतात. तरीही २९ डिसेंबर २००९ ला मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला आग लागली आणि दोन तरुण संशोधक गेले. बरोबर एक वर्ष आधी, २९ डिसेंबर २००८ ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हवा लागताच पेट घेणारं एक द्रव्य सिरिंजमधून उसळलं. तिथे काम करणाऱ्या २३ वर्षांच्या मुलीने अंगावर ॲप्रन घातलेला नव्हता, स्वेटर सिंथेटिक होता. अठरा दिवसांनी ती गेली. तिथल्या प्राध्यापकावर फौजदारी आरोप ठेवले गेले आणि विद्यापीठाला २०१२ मध्ये आपली जबाबदारी मान्य करावी लागली. ५ डिसेंबर २०१८ ला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सिलिंडरचा स्फोट होऊन एक संशोधक जागीच ठार झाला. या संस्थांत हुशार माणसांची वानवा नव्हती. हुशारी आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्राध्यापक मंडळींनी मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता आपल्याकडची परिस्थिती पाहू. हिंगोलीत एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. प्रयोगशाळेत वापरला जाणारा डायएथिल ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतो. म्हणजे सुट्टीत बंद पडलेल्या, पत्र्याच्या किंवा तापलेल्या स्लॅबच्या खोलीत ईथरची बाटली ठेवली तर ती आतून फुगत असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरच्या बर्नरपाशी पेट घेते. त्याहून घातक म्हणजे, उघडलेल्या ईथरमध्ये हवेमुळे हळूहळू पेरॉक्साइड तयार होतात. ईथर उडून जातो, पेरॉक्साइड तळाशी आणि झाकणाच्या आट्यांत साठतात, आणि मग नुसतं झाकण पिळलं तरी बाटली फुटू शकते. म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवर लिहायची आणि साधारण सहा महिन्यांत ती बाटली संपवायची किंवा तपासून बाजूला काढायची. कपाट साफ करताना स्फटिक जमलेली, कित्येक वर्षं जुनी ईथरची बाटली दिसली तर तिला हात लावू नका, हलवू नका. खोली बंद करा आणि जाणकाराला बोलवा. कोरड्या पडलेल्या पिक्रिक ॲसिडच्या बाटलीबद्दलही हेच.

दुसरी आपली खास अडचण विजेची आणि पाण्याची. वसमतच्या हळदीचं नाव देशभर आहे. तिथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहतं आहे आणि इथल्या एम.एस्सी.च्या मुलांना प्रकल्पासाठी हळदीतलं कर्क्युमिन काढणं हा जवळचा विषय आहे. चांगलीच गोष्ट आहे. त्यासाठी सॉक्सलेट उपकरणात ॲसिटोन किंवा अल्कोहोल तासन्‌तास उकळत ठेवावा लागतो. वरच्या कंडेन्सरमधून थंड पाणी वाहत असतं म्हणून वाफ परत खाली येते. नळाचं पाणी गेलं की तीच वाफ खोलीत पसरते, खाली हीटिंग मँटल तापलेलंच असतं. वीज गेली तर एक्झॉस्ट फॅन बंद पडतो, मुलं चहाला जातात आणि वीज परत आल्यावर मँटल आपोआप सुरू होतं, बघायला कुणी नसतं. तेव्हा उकळतं द्रावण सोडून कुणीही खोलीबाहेर जायचं नाही, वीज गेली की पहिलं काम स्विच बंद करायचं, आणि रात्रभर प्रयोग चालू ठेवायचा नाही. यासाठी पैसा लागत नाही.

मांडणीत एक चूक फार दिसते. रसायनं इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेली असतात, कारण शोधायला सोपं जातं. त्या क्रमाने नायट्रिक ॲसिडच्या शेजारी नायट्रोबेंझिन येतं, आणि या दोघांचं मिश्रण स्फोटक आहे. ॲसिड वेगळी, अल्कली वेगळी, पेटणारी द्रव्यं वेगळ्या लोखंडी कपाटात, ऑक्सिडीकारक पदार्थ त्यांच्यापासून दूर, सोडियम रॉकेलखाली आणि पाण्याच्या नळापासून लांब, अशी विभागणी करा. जड ॲसिडच्या बाटल्या डोळ्यांच्या उंचीच्या वर कधीच नकोत. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा.

पिपेट तोंडाने ओढण्याची सवय अजून गेलेली नाही, ती या सत्रापासून बंद झाली पाहिजे. रबरी बल्ब स्वस्तात मिळतो. हायड्रोजन सल्फाइडसाठी किपचं उपकरण उघड्या खोलीत चालवणारी कॉलेजं आहेत. या वायूचा सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणून कळेलच, असा समज धोकादायक आहे. प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते आणि माणसाला वाटतं वायू गेला. फ्यूम हूड बंद असेल तर तो प्रयोग त्या दिवशी करू नये. अभ्यासक्रमात आहे म्हणून करावाच लागतो, असं सांगितलं जातं. मग अभ्यास मंडळाकडे लेखी मागणी करा. बेंझिन आणि क्रोमिक ॲसिड दोन्ही कर्करोगकारक आहेत, आणि काचसामान धुवायला क्रोमिक ॲसिडच हवं असं मुळीच नाही.

क्रोमियमवरून आठवलं, मातीपरीक्षणाबद्दलही बोललं पाहिजे. मातीतला सेंद्रिय कर्ब मोजायची वॉकली-ब्लॅक पद्धत १९३४ सालची. तिच्यात पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड लागतं. शेतकऱ्यासाठी ही तपासणी मोलाची आहे. पण दर नमुन्यामागे उरलेलं क्रोमियमचं ॲसिड बेसिनमध्ये ओतलं तर ते गटारात, तिथून ओढ्यात, आणि हिंगोलीत म्हटलं तर कयाधूत जाणार. ज्याच्या जमिनीची काळजी म्हणून तपासणी केली त्याच्याच विहिरीत ते उतरवायचं का?

आता कायद्याचं. कारखान्यांतल्या सुरक्षिततेसाठी जसा कायदा आहे तसा कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी एक स्वतंत्र कायदा नाही, म्हणून आपल्याला काही लागू नाही असं पुष्कळांना वाटतं. खरं म्हणजे कायदे पदार्थाच्या मागून येतात. शुद्ध अल्कोहोल किंवा रेक्टिफाइड स्पिरिट ठेवायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. ॲसेटिक अनहायड्राइड अमली पदार्थ कायद्याखाली नियंत्रित आहे, कारण हेरॉइन बनवायला ते वापरलं जातं. त्याचा थेंबन्‌थेंब हिशेबात हवा. हेक्झेन, टोल्युइन, पेट्रोलियम ईथर यांना पेट्रोलियम अधिनियम १९३४ लागू होतो. ज्वलनशील अ वर्गाचा साठा विक्रीसाठी नसेल आणि बाटल्या-डब्यांच्या अटी पाळून एकूण ३० लिटरच्या आत असेल तर परवाना लागत नाही, पण ती मर्यादा आपण ओलांडली की नाही हे यादीशिवाय कळणार कसं? गॅस सिलिंडरसाठी २०१६ चे नियम आहेत, आणि ते पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. घातक कचऱ्याचे नियमही २०१६ चे. असा कचरा साधारणपणे ९० दिवसांहून जास्त साठवून ठेवता येत नाही.

इथे प्राचार्य मला विचारतील की मग हा कचरा न्यायचा कुठे. प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात घातक कचऱ्याची शास्त्रोक्त विल्हेवाट लावणारी केंद्रं तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. हिंगोलीतून जवळचं म्हटलं तर बुटीबोरी, आणि वर्षाकाठी चार-दोन कॅन कचरा निघणाऱ्या एका कॉलेजासाठी गाडी एवढ्या लांब पाठवणं परवडत नाही. म्हणून हे एकट्या कॉलेजाने करायचं काम नव्हे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या भागासाठी आहे. विद्यापीठाने प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीने वर्षातून एकदा या कॉलेजांचा रासायनिक कचरा एकत्र उचलण्याची सोय करावी. खर्च वाटून घेतला तर जड जाणार नाही. प्राचार्यांनी ही मागणी एकत्र सही करून कुलगुरूंकडे न्यावी. तोपर्यंत निदान कचरा वेगवेगळ्या कॅनमध्ये नाव आणि तारीख लिहून साठवावा, आणि नायट्रिक ॲसिडच्या कॅनमध्ये ॲसिटोन कधीही ओतू नये. भंगारवाल्याला बाटल्या देण्याआधी त्या रिकाम्या आणि धुतलेल्या आहेत याची सही कुणीतरी करावी.

संस्थाचालकांना वेगळं सांगायचं आहे. अनुदानित कॉलेजांतली शिक्षकेतर भरती वर्षानुवर्षे रखडलेली आहे. प्रयोगशाळा सहायक निवृत्त होतो, जागा भरत नाही, आणि त्याच्याबरोबर कपाटाची माहितीही घरी जाते. तासिका तत्त्वावरचा तरुण प्राध्यापक यंदा आहे, पुढच्या वर्षी नाही. अशा वेळी रजिस्टर हीच प्रयोगशाळेची स्मरणशक्ती असते. निवृत्त होणाऱ्या माणसाकडून कपाटाचा ताबा नव्या माणसाने बाटली-बाटली पाहून घ्यावा, त्याशिवाय निवृत्तीचे कागद पुढे सरकू नयेत. प्रयोगशाळा परिचराला चष्मा, हातमोजे आणि प्रशिक्षण सगळ्यांत आधी द्या. मुलं आठवड्यातून दोन-तीनदा येतात, तो रोज त्याच हवेत असतो आणि तीव्र ॲसिडच्या बाटल्या तोच उचलतो.

औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली. आपल्या पोरापोरींनी अशा ठिकाणी काम करावं असं प्रत्येकाला वाटतं. तिथे पाऊल टाकण्याआधी सुरक्षिततेची शिस्त अंगात हवी, आणि ती लागते बी.एस्सी.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला.

विद्यार्थ्यांनो, सुती ॲप्रन घाला, पायात बंद बूट हवेत, ओढणी आणि मोकळे केस बांधून घ्या, डोळ्यांवर चष्मा हवाच. पाण्यात ॲसिड घाला, ॲसिडात पाणी नको. बाटलीवरची लाल चौकटीतली चित्रं वाचायला शिका. सरांनी चष्मा घातला नसेल तर तुम्ही नम्रपणे आठवण करून द्या, त्यात अपमान नाही. काही सांडलं, फुटलं तर लपवू नका. आणि सरांनो, मुलाने येऊन सांगितलं तर त्याला दंड करू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

आईबापांनो, जूनमध्ये प्रवेशाला जाल तेव्हा फी विचारता तशी प्रयोगशाळाही दाखवा म्हणावं. तुम्हाला रसायनशास्त्र यायला नको. डोळे धुवायची सोय कुठे आहे, आग विझवायचं सिलिंडर शेवटचं कधी भरलं, दुसरा दरवाजा आहे का आणि त्याला कुलूप तर नाही ना, एवढं विचारा. आग विझवायच्या सिलिंडरवर तारखेची चिठ्ठी असते, ती स्वतः वाचा.

आणि अपघात झालाच तर काय करायचं, ते प्रयोगशाळेच्या दारावर मराठीत मोठ्या अक्षरांत लावलेलं हवं. डोळ्यात किंवा अंगावर ॲसिड उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, निदान पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. भिजलेले कपडे काढून टाका, त्या वेळी लाजू नका. जखमेवर सोडा, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि पदार्थाचं नाव सांगा. त्या पदार्थाचं सुरक्षा माहितीपत्रक प्रत्येक बाटलीबरोबर कंपनीकडून मागून घेता येतं. ते छापून फाइलमध्ये लावा, फाइल दाराजवळच्या खिळ्याला टांगा आणि रुग्णाबरोबर दवाखान्यात पाठवा, कारण ॲसिड कोणतं होतं हे डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत कळायला हवं.